वाटीतले पाणी हलले तेव्हा

माझी लेक नवऱ्याचे घर सोडून एका पिशवीनिशी परत आली आणि बापाच्या मशिनीवर उभी राहिली, त्या वर्षीची ही गोष्ट. बाप तोवर घरी बसले होते. बसले म्हणजे खरोखरच बसले होते, कारण आडवे झाले की त्यांना श्वास पुरत नसे. खिडकीपाशी खुर्ची, पाठीला दोन उश्या, दिवस तिथेच आणि झोपही तिथेच. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. चारचौघांत मीही मिस्त्रीच म्हणायची, घरात ‘अहो’.

आमचे काम दगडाचे. लोकांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर जी गुळगुळीत फरशी असते ती मापात कापायची, तिला बेसिनचे भोक पाडायचे, कडा घासून गोल करायच्या. शेड पत्र्याची, लांबच लांब, आत ओळीने मशिनी. पाते फिरू लागले की दगडाची भुकटी उठते, पिठासारखी बारीक. ती पापण्यांवर बसते, जेवणाच्या डब्यात जाते, नाकाघशात जाते. संध्याकाळी शेडमधून बाहेर पडणारी माणसे सगळी एकाच वयाची दिसतात. पांढरीफटक, म्हातारी. मी तिथे फरश्या पुसून, मध्ये पुठ्ठे घालून गठ्ठे बांधायची. तारुण्यात कडाही घासल्या होत्या.

मिस्त्रींच्या छातीत हीच भुकटी जाऊन बसली होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरून दाखवला आणि सांगितले, आत गेलेली बाहेर निघत नाही, पुढची तेवढी थांबवता येते. कशी थांबवायची हे आम्हाला ठाऊक होते. पात्यावर पाण्याची धार सोडली की भुकटी उडत नाही, चिखल होऊन खाली पडते. मालकालाही ते ठाऊक होते, पण त्याचे उत्तर ठरलेले असायचे. पाणी आले की टाकी आली, गाळ आला, गाळ उपसणारा आला आणि काम रखडले. डोंगरापलीकडच्या गावातल्या शेडमध्ये कोरडेच कापतात आणि तिथले लोक तोंडातून ब्र काढत नाहीत. उद्या सगळे काम तिकडे गेले तर तुम्ही त्या पाण्यात काय कागदाच्या होड्या सोडणार का, असे तो विचारायचा. आम्ही खाली माना घालून आपापल्या मशिनीकडे जायचो.

लेक पहिल्या दिवशी कामावरून आली आणि तिने नाक शिंकरले. रुमाल करडा झाला. मिस्त्रींनी तो तिच्या हातातून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि घडी घालून परत दिला. मग रोजच ती आली की ते हात पुढे करायचे आणि ती रुमाल द्यायची. माझ्या डोक्यात त्या दिवसापासून एकच गोष्ट बसली. या पोरीची छाती बापासारखी व्हायच्या आत पात्यावर पाणी यायला हवे. बाकी काही झाले नाही तरी चालेल.

आता आमच्या दोन सवयी सांगायला हव्यात, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरच उभे आहे.

पहिली सवय हातांनी बोलण्याची. शेडमध्ये इतका कर्कश आवाज असतो, की कानाशी ओरडले तरी ऐकू जात नाही. म्हणून आमच्या धंद्यात सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. पाते, फरशी, थांब, मालक आला, चहा, तुझा सदरा फाटलाय, सगळ्याला खुणा आहेत. शिव्यांना तर जास्तच आहेत. वर्षानुवर्षे त्या आवाजात उभे राहून आमचे कान गेलेले असतात, त्यामुळे घरीही आम्ही हातांनीच बोलतो. घरात फोन आला तेव्हा त्याचा आवाज कुणी कधी चालूच केला नाही. कशाला करायचा?

दुसरी सवय वाटीची. सकाळी मशिनीवर फरशी चढवायच्या आधी तिच्या टेबलावर पाण्याने भरलेली स्टीलची वाटी ठेवायची आणि पाते नुसते फिरवायचे. पाण्यावर बारीक तरंग उठतातच, पण ते एकसारखे हवेत. वेडेवाकडे उठले तर कुठेतरी बोल्ट ढिला आहे. याला आम्ही वाटी बघणे म्हणतो. मशीन बंद असेल तर वाटीतले पाणी आरशासारखे असते. अख्ख्या शेडमध्ये पाण्याचा उपयोग म्हणाल तर एवढाच.

लेकीने एकदा बापाचा फोटो काढला, नाकाला नळी लावलेला, आणि तो इंटरनेटवर टाकला. खाली लिहिले की फरशी कापणाऱ्यांचे असे होते, पात्यावर पाणी मागतो आहोत, कुणी मदत करा. दोन दिवसांत तो कुठल्या कुठे गेला. हजारो लोकांनी बघितला. रडणारे चेहरे आले, जोडलेले हात आले, फुटलेली काळजे आली. एकाने लिहिले की सर्वांनी एक व्हायला पाहिजे. त्याच्याखाली शेकड्याने अंगठे. लेक एकेक करून बापाला दाखवत होती आणि ते हातांनी म्हणाले, माझ्या मयताला एवढी माणसं आली तर बसवणार कुठे?

आले मात्र कुणीच नाही. आठवडा गेला आणि ती सगळी माणसे दुसऱ्या कुणासाठी तरी रडायला गेली. भोंग्याला हसायला फावले. भोंगा म्हणजे लेकीच्या शेजारच्या मशिनीवरचा. जग बहिरे आहे असे समजून तो बोलायचा, म्हणून हे नाव. आमच्यापुरते त्याचे चुकतही नव्हते. तो लेकीला रोज विचारायचा, की काय ग, ते अंगठे नळाला लावून बघितलेस का, पाणी येतेय का?

त्या अंगठ्यांच्या ढिगात एक व्हिडिओ येऊन पडला होता. लेकीला तो चार-पाच दिवसांनी दिसला. एक उंच, वाकलेला माणूस, मागे पत्र्याची भिंत. तोंडाने काही बोलत नव्हता. नुसते हात हलवत होता. लेकीने फोन माझ्यापुढे धरला. तो आमच्या खुणांनी बोलत होता. पाते, म्हणाला. भुकटी, म्हणाला. छातीवर हात ठेवून मूठ आवळली, म्हणजे दगड. मग पाण्याची खूण केली आणि तळहात पालथा केला. पाणी नाही. इथेही नाही.

तो डोंगरापलीकडच्या शेडमधला होता. तिथले लोक त्याला उंट म्हणत आणि तो स्वतःही तसेच सांगायचा. एकदोन खुणा त्याच्या वेगळ्या होत्या, पण समजायला अडचण पडली नाही. लेकीने उलट व्हिडिओ पाठवला, त्याने परत पाठवला. असे आठवडाभर चालल्यावर त्याने जे सांगितले ते बघून मिस्त्री खुर्चीत ताठ झाले. त्याचा मालक त्यांना सांगायचा, की डोंगराअलीकडच्या गावात कोरडेच कापतात आणि तिथले लोक कुरकुर करत नाहीत. म्हणजे आम्ही.

लेकीने मग त्याच इंटरनेटवर दोन्ही मालकांना शोधले. कुठल्याशा लग्नातला फोटो सापडला. दोघे एकाच सोफ्यावर, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसलेले. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी निघाल्या. साडू. भोंग्याने तो फोटो बराच वेळ बघितला आणि त्या दिवसापासून अंगठ्यांची चेष्टा बंद केली.

दोन्ही शेडचा मिळून फोनवर एक गट झाला. लगेच एकी झाली असे कुणी समजू नये. पहिले काही दिवस तर नुसता बाजार होता. कुणी सकाळी उठून फुले पाठवी, कुणी पोटदुखीवरचे औषध, कुणी मेव्हण्याची जुनी मोटारसायकल विकायला काढी. मग कोणाच्या गावची माणसे जास्त कामसू यावर भांडणे लागली. काही जण लिहायचे आणि मला अक्षर येत नव्हते, म्हणून मला वाटायचे की खरी गोष्ट लिहिण्यातच चालली आहे आणि मी बाहेर राहते आहे. मी लेकीला शिकवायला सांगितले. तिने फोनच्या पडद्यावरच एकेक अक्षर मोठे करून शिकवले. जरा वाचता यायला लागल्यावर कळले, की लिहिण्यात बहुतेक मोटारसायकलच होती. पण शिकले ते शिकले.

कामाचे जे ठरले ते हातांनीच ठरले, फोनवर एकमेकांची तोंडे बघून. दोन्ही गावांनी एकाच सकाळी शेडमध्ये जायचे, आपापल्या मशिनीपाशी उभे राहायचे आणि बटण दाबायचे नाही. पात्यावर पाण्याची नळी लागेपर्यंत दाबायचे नाही. दोन्हीकडे एकदम थांबले तर काम जाणार कुठे?

भोंग्याने मध्येच हात वर केला. त्याची शंका रास्त होती. आपण इथे हात बांधून उभे आणि तिकडे मशिनी चालू, असे झाले तर? त्यांच्यापैकी एकालाही आपण प्रत्यक्ष पाहिलेले नाही. उंटाच्या बाजूनेही हीच शंका आली. त्यावर मिस्त्रींनी खुर्चीतून तोड काढली. रोज सकाळी दोन्हीकडून वाटी दाखवायची. आधी सगळी शेड, मग मशिनीच्या टेबलावर भरलेली वाटी. एक जरी मशीन कुठे चालू असली तरी सगळी शेड थरथरते आणि पाणी चुगली करते. भोंगा म्हणाला, कालचाच व्हिडिओ आज पाठवला तर? तर त्यावरही तोड निघाली. वाटीशेजारी काय ठेवायचे ते त्याच सकाळी समोरच्या गावाने सांगायचे.

पहिल्या सकाळी आम्ही त्यांना सांगितले, चप्पल ठेवा. त्यांनी आम्हाला सांगितले, कांदा. पलीकडून व्हिडिओ आला. शांत शेड, मशिनीपाशी उभी माणसे, वाटीतले पाणी आरशासारखे आणि शेजारी एक झिजलेली चप्पल. आमच्या शेडमध्ये माणसे टाळ्या वाजवायला लागली. आमच्या कांद्याची वाटीही स्थिर होती. मालक वरच्या काचेच्या खोलीतून बघत होता. त्याला काही उमगेना, की संपावर गेलेली माणसे कांद्याचा व्हिडिओ का काढताहेत.

रोज नवी वस्तू. कुलूप, मोजा, बाळाचा खुळखुळा. एकदा उंटाने सांगितले की वाटीशेजारी भोंग्याचा फोटो ठेवा, त्याने पाणी हलले नाही तर आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास बसेल. दोन्ही गावे हसली. मला वाटते त्या दिवशी आम्ही खरे एक झालो, कारण त्याआधी त्या गावाने आमची चेष्टा केली असती तर मारामारी झाली असती.

पण घरोघरी डबे हलके होत चालले होते. मालकाने कुणाकुणाला वर बोलावून चहा पाजला. एकाला म्हणाला, तुला मुकादम करतो. लेकीलाही बोलावले होते. ती चहा पिऊन आली आणि तिने सांगितले की चहात साखर कमी होती.

मग ती सकाळ आली. आम्ही कंगवा सांगितला होता. व्हिडिओ आला आणि सगळे नेहमीसारखे लेकीच्या फोनभोवती गोळा झाले. कंगवा होता. वाटी होती. आणि वाटीतले पाणी हलत होते. चांगले काठापर्यंत हिंदकळत होते, एक थेंब टेबलावरही सांडला. आज शेडही दाखवली नव्हती, एकदम वाटीच. आणि व्हिडिओ अर्ध्यातच तुटला.

लेकीने उंटाला फोन लावला, त्याने उचलला नाही. परत लावला, परत तेच. गटात विचारले, तर तिकडचे कुणीच फोन बघत नव्हते. वरच्या खोलीतून मालकाचा मॅनेजर खाली आला. त्याला कुठून कळले देव जाणे, पण कुणाचे तोंड बघूनही कळले असते. तो हातवारे शिकला नव्हता, पण पलीकडे बोट दाखवून हाताचे पाते फिरवणे त्याला जमले. तिकडे सुरू झाले.

भोंगा आपल्या मशिनीकडे वळला. त्याच्या मागे आणखी दोघे-तिघे. मला दिसत होते काय होणार ते. इथे एक बटण दाबले गेले की आमची वाटी हलणार. ती वाटी पलीकडे जाणार आणि तिकडचे उरलेसुरले लोकही मशिनी सुरू करणार. मग पुन्हा कुणी कुणाचा शब्द धरणार नाही आणि माझी पोर भुकटीत उभी राहणार, तिचे केस माझ्यासारखे होईपर्यंत, तेवढी ती जगली तर.

मी लेकीच्या हातातून फोन घेतला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. परत लावला. काहीतरी खटकत होते. पाणी हलत होते, थांबत होते, पुन्हा एकदम उसळत होते. दोन-तीन झटके लागोपाठ, मग उसंत, मग एक मोठा झटका. असे हलणारे पाणी मी रोज बघत होते. आमच्या घरी खिडकीच्या कट्ट्यावर मिस्त्रींच्या पाण्याचा पेला असतो. ते कट्ट्याला धरून खोकायला लागले की त्या पेल्यात अगदी असेच होते. मला ऐकू येत नाही, म्हणून मी आत ओट्यापाशी असले की डोळा त्या पेल्यावर ठेवते.

भोंग्याचा हात बटणावर होता. मी त्याच्या मनगटाला धरले. तो चिडला आणि नेहमीसारखा मोठ्याने बोलला. त्याचे ओठ मला वाचता येतात.

“काकू, सोडा. तिकडं मशीन चालू झालीय. आपणच तेवढे खुळे ठरलो.”

“ती मशीन नाही.”

“मग काय भूकंप आहे?”

“खोकला आहे,” मी म्हणाले. “कुणीतरी टेबलावर हात टेकून खोकतंय.”

लेकीने माझ्याकडे बघितले. ती शेडमध्ये नवी होती, तिचे कान अजून शाबूत होते. पण लहानपणापासून आमच्या घरात मुका फोन बघत आली होती, त्यामुळे तिलाही ते सुचले नव्हते. तिने फोनच्या कडेचे बटण दाबत दाबत आवाज वाढवला आणि फोन कानाला लावला. तिचा चेहरा पडला. मशिनीचा आवाज नाही, ती हातांनी म्हणाली. एक माणूस खोकतोय. बाबांसारखा.

ज्यांना ऐकू येत होते त्यांनी ऐकले, पण असे आमच्यात होते किती? बाकीच्यांनी फोन कानाला लावला आणि एकमेकांकडे बघत राहिले. भोंग्याने फोन दोन्ही कानांना लावून पाहिला आणि परत दिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरी तीन लहान मुले होती आणि त्याने आयुष्यभर फक्त वाटीवर विश्वास ठेवला होता. वाटी हलली म्हणजे मशीन चालू, हे त्याला त्याच्या बापाने शिकवले होते. तो म्हणाला, तुझी लेक ऐकते म्हणून मी माझ्या मुलांना उपाशी ठेवू काय?

मी लेकीला घरी पिटाळले.

मिस्त्रींनी कित्येक महिन्यांत उंबरा ओलांडला नव्हता. आमची खोली शेडच्या मागच्याच गल्लीत, पण ते अंतर त्यांना भिंतीला धरून, थांबत थांबत, लेकीच्या खांद्यावर भार टाकून कापावे लागले. ते दारात दिसले तेव्हा सगळी शेड त्यांच्याकडे वळली. मॅनेजरसुद्धा बाजूला झाला. त्यांचे ओठ निळसर झाले होते. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. स्वतःच्या जुन्या मशिनीपाशी गेले, जिच्यावर आता लेक उभी राहायची, आणि बोटांनी वाटीची खूण केली.

मी वाटी भरून टेबलावर ठेवली. आमच्या मशिनीचे टेबल रुळांवर मागेपुढे सरकते, त्यामुळे त्याला माणसाचा भार लगेच लागतो. मिस्त्रींनी दोन्ही तळवे टेबलावर टेकले. भोंग्याला जवळ बोलावले आणि वाटीकडे बघ म्हणून सांगितले.

त्यांना मुद्दाम काही करावे लागले नाही. तेवढे चालणे पुरेसे होते. खोकल्याची उबळ आली आणि वाटीतले पाणी उसळले. दोन-तीन झटके लागोपाठ, मग उसंत, मग एक मोठा झटका. एक थेंब टेबलावर सांडला. लेकीने फोनवरचा व्हिडिओ वाटीशेजारी धरला होता. दोन वाट्या एकसारख्या हलत होत्या. भोंगा एकदा इकडे बघत होता, एकदा तिकडे. उबळ थांबेना. मला वाटले, पुरे, झाले दाखवून, आता बसा. पण त्यांनी हात उचलले नाहीत. शेवटच्या रांगेतला शेवटचा माणूस पुढे येऊन बघून जाईपर्यंत ते तसेच टेबलाला धरून राहिले.

मग भोंग्याने त्यांच्यासाठी उलटी बादली आणली. बादलीवर बसवले, पाणी पाजले. त्यांचा श्वास जरा ठिकाणावर आल्यावर भोंगा त्यांच्यापुढे पाठ करून खाली बसला आणि त्यांना पाठुंगळी घेऊन घरी निघाला. मिस्त्रींनी त्याच्या पाठीवरूनच मला हातांनी सांगितले, घोडा बरा आहे, पण फार बोलतो.

मॅनेजर जिना चढून वर गेला. पलीकडच्या गावाने आमच्याकडे त्या दिवशी चमचा मागितला होता. लेकीने चमचा ठेवून आमची वाटी पाठवली. पाणी आरशासारखे होते.

दुपारी पलीकडून व्हिडिओ आला. या वेळी एक बाई होती. उंटाची बायको. तिने हातांनी सांगितले, की सकाळी उबळ येतेय असे वाटून त्याने आधी वाटीच दाखवायला घेतली, तेवढ्यात तोंडातून रक्त पडले, फोन हातातून सुटला आणि धांदलीत कुणीतरी तेवढाच व्हिडिओ पाठवून दिला. सगळे त्याला उचलून दवाखान्यात पळाले, आता तिथे ठेवले आहे. शुद्धीवर आल्या आल्या त्याने पहिली गोष्ट हीच सांगितली, की वाटी हलली असेल, ते लोक घाबरले असतील, त्यांना कळवा. मशिनी सगळ्या बंद आहेत, ती म्हणाली, आणि फोन फिरवून शेड दाखवली. मग तिने डोळे पुसले आणि विचारले, “उद्या वाटीशेजारी काय ठेवू?”

भोंगा सगळ्यांच्या पुढे उभा होता. त्यानेच उत्तर दिले. काही नको, म्हणाला. नुसती वाटी दाखवा, तेवढी पुरे.

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. कुठल्याशा मोठ्या इमारतीचे ओटे अडले होते आणि दोन्ही साडूंना एकमेकांकडे काम ढकलता येत नव्हते. आधी त्यांच्या मालकाने टाकी बसवली की आधी आमच्या, यावर अजून दोन्ही गावांत वाद आहे. आमच्याकडे नळ्या लागल्या त्या दिवशी शेडभर राखाडी चिखल झाला. चपला रुतून बसल्या, भोंगा दोनदा घसरला आणि मालक जिन्यावरून उतरलाच नाही. लेक संध्याकाळी घरी आली ती कमरेपर्यंत भिजलेली. मिस्त्रींनी हात पुढे केला. तिने नाक शिंकरून रुमाल दिला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा करून पुन्हा धरला आणि या खेपेला परत केला नाही, स्वतःच्या खिशात ठेवला.

लोक विचारतात, की इंटरनेटने माणसे एक होतात का. मी जे बघितले ते सांगते. ज्यांनी रडके चेहरे पाठवले ते चांगले लोक असतील, पण ते आमच्या उपयोगी पडले नाहीत. पडला तो एकटा उंट, आणि तोही त्याच गर्दीतून आला होता. ती गर्दी नसती तर डोंगरापलीकडे आमच्यासारखाच खोकणारा माणूस आहे हे मला मरेपर्यंत कळले नसते. पुढचे मात्र रोज सकाळी उठून करावे लागले. आता आमच्या गटात आणखी शेड आल्या आहेत. काही तर अशा ठिकाणच्या, जिथली अक्षरे मला वाचता येत नाहीत आणि लेकीलाही नाही. ते लोक वाटी पाठवतात. ज्यांच्याकडे पाणी आलेले नाही ते रिकामी पाठवतात. त्यांना काय उत्तर द्यायचे ते लेक आणि भोंगा मिळून बघतात, आणि आवाज चालू ठेवून बघतात.

उंट पाणी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात गेला. त्याला मी प्रत्यक्ष एकदाच पाहिले, त्याला पोचवायला गेलो तेव्हा. मिस्त्री त्याच्यानंतर वर्षाने गेले, लेक शेडची मुकादम झाली त्या महिन्यात, सकाळी, खुर्चीत बसूनच.